वाटणीचे अंतर

परळी वैजनाथला पहाटे पाचच्या सुमारास गंगाखेडच्या किंवा अंबाजोगाईच्या रस्त्याला लागले, की अंधारात आधी पावलांचे आवाज येतात आणि मग माणसे दिसतात. दोघे-चौघे, कधी दहाबारा मुले, अलीकडे मुलीही. पोलीस भरती आणि सैन्यभरती यांची ही तयारी. यांतले काही जण पुढे साडेसातच्या माझ्या मराठीच्या तासाला येऊन बसत, आणि शेवटच्या बाकावर एखाद्याचा डोळा लागला तर मी त्याला उठवत नसे. सकाळी कुठे होतास असे विचारले, की उत्तर ठरलेले : "पळायला गेलतो सर." 'धावणे' हे क्रियापद त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकले. पुस्तकातला माणूस धावतो, आमच्याकडचा पळतो. शर्यतीत उतरणे आणि एखाद्या ठिकाणाहून निसटणे हे दोन्ही अर्थ 'पळणे'त एकदम वावरत असल्याने मला तेच अधिक खरे वाटत आले आहे.

या पळण्याविषयी लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते. निमित्त झाले ते पॅरिस ऑलिंपिकचे. ७ ऑगस्ट २०२४ रोजी तिथे एक नवी शर्यत झाली. अंतर मॅरेथॉनचे, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, पण ते एकाने नव्हे, तर एकाच देशाच्या एका पुरुषाने आणि एका स्त्रीने चार टप्प्यांत, आळीपाळीने, वेगचालीने पुरे करायचे. स्पेनचे आल्वारो मार्तीन आणि मारिया पेरेस जिंकले. भारताच्या प्रियंका गोस्वामी आणि सूरज पनवार यांना शर्यत पुरी करता आली नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या कार्यक्रमातून ही शर्यत वगळण्यात आली आहे. एकदा झाली आणि गेली.

मॅरेथॉन वाटून घेण्याची कल्पना जागतिक पातळीवर मावळण्याची ही पहिली वेळ नव्हे. १९९२ साली आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने राष्ट्रीय संघांसाठी रस्त्यावरच्या रिले शर्यतीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू केली. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरील फुन्शाल, मग १९९४ साली ग्रीसमधले लितोखोरो, १९९६ साली कोपनहेगन, १९९८ साली ब्राझीलमधले मानाउस. सहा जणांचा संघ, आणि मॅरेथॉनच्या अंतराची सहा शकले : पाच, दहा, पाच, दहा, पाच आणि उरलेले ७.१९५ किलोमीटर. पुरुषांत तीनदा केनिया आणि एकदा मोरोक्को जिंकला. स्त्रियांत पहिल्या वर्षी यजमान पोर्तुगाल, पुढे रशिया, आणि मग दोनदा इथिओपिया. मानाउसनंतर ही स्पर्धा भरली नाही. सांघिक पदके रस्त्यावरच्या इतर शर्यतींतही असतात हे खरे; जागतिक अर्धमॅरेथॉनमध्ये एका देशाच्या पहिल्या तिघांच्या वेळा मिळवून संघाचा क्रमांक लावत असत. पण ती बेरीज कागदावरची. तिघे आपापले धावतात आणि संघ नंतर कोणीतरी टेबलाशी बसून तयार करतो. रिलेत संघ रस्त्यावर असतो. पहिल्याचा उशीर दुसऱ्याच्या अंगावर येतो, आणि दुसरा तिथे उभा राहून तो येताना पाहत असतो.

या शर्यतीचे मूळ जपानमध्ये आहे आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला त्यात एक गंमत सापडेल. १९१७ च्या एप्रिलमध्ये, तोक्यो राजधानी झाल्याला पन्नास वर्षे झाली म्हणून, 'योमिउरी' या वर्तमानपत्राने क्योतो ते तोक्यो अशी सुमारे पाचशे किलोमीटरची, तेवीस टप्प्यांची, रात्रंदिवस चालणारी शर्यत भरवली. तिच्यामागे उभा असलेला वर्तमानपत्रातला माणूस तोकी झेम्मारो हा तांका लिहिणारा कवी होता. शर्यत गाजली, पण खर्च इतका झाला की तिची जबाबदारी घेऊन त्याला ते वर्तमानपत्र सोडावे लागले. कवीने आखलेल्या अंदाजपत्रकाचे आणखी काय होणार! शर्यतीला नाव मिळाले 'एकिदेन'. ('एकी' या ध्वनीवरून मराठी वाचकाने भलता अर्थ काढू नये. 'एकी' म्हणजे ठाणे, घोडे बदलण्याचे ठिकाण, आणि 'देन' म्हणजे पुढे पोचवणे.) जुन्या टपालव्यवस्थेचा हा शब्द आहे. आपल्याकडचे जुने कागद चाळणाऱ्यांना 'जासूद जोडी' आठवेल, डाकेचे हरकारे आठवतील. टप्पा हा शब्द आपण आज कशाकशाला लावतो, परंतु त्याच्या पोटात हेच आहे : एका माणसाच्या दमाने तोडायचे अंतर.

एकिदेनमध्ये लाकडी बॅटन नसतो. संघाच्या रंगाचा कापडी पट्टा असतो, त्याला 'तासुकी' म्हणतात. किमोनोच्या ढगळ बाह्या कामात आड येऊ नयेत म्हणून त्या बांधून घेण्याची ती मूळची पट्टी. आपल्याकडे कामाला लागताना पदर खोचतात तसा प्रकार. घामाने भिजलेला हा पट्टा एकाने खांद्यावरून उतरवायचा आणि दुसऱ्याने आपल्या खांद्यावर घालायचा. दरवर्षी २ आणि ३ जानेवारीला तोक्यो ते हाकोने आणि परत अशी विद्यापीठांची जी एकिदेन होते, तिच्यात दहा जण दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर तोडतात. तिचा एक नियम फार कठोर आहे. एखादा संघ सर्वांत पुढे असलेल्या संघापेक्षा ठरावीक मिनिटांहून अधिक मागे पडला, तर त्याच्या पुढच्या धावपटूला वाट न पाहता सोडून दिले जाते. त्याच्या खांद्यावर तेव्हा बदली पट्टा असतो, संघाचा नव्हे. मागून येणारा आपला पट्टा हातात घेऊन ठाण्यावर पोचतो आणि तिथे घेणारा कोणी नसतो. संघाचे एकूण अंतर तरीही पुरे होते, वेळही मोजली जाते. पण तो पट्टा तुटला असेच म्हणतात.

ही हाकोनेची शर्यत १९२० च्या फेब्रुवारीत सुरू झाली. तिच्यामागे होता कानाकुरी शिझो. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये उन्हाने कोसळलेला आणि कोणाला काही न कळवता निघून गेलेला हा धावपटू. (१९६७ साली स्वीडनने त्याला बोलावून ती शर्यत समारंभाने पुरी करून घेतली, तेव्हा त्याची वेळ ५४ वर्षांहून अधिक नोंदली गेली.) मॅरेथॉनचे धावपटू एकेकटे घडत नाहीत, त्यांची पलटण एकदम उभी करावी लागते, असे त्याचे मत होते. पहिल्या वर्षी चार संस्था उतरल्या आणि जिंकली ती शिक्षक तयार करणारी संस्था. हे वाचून आमच्या धंद्यातल्या माणसाला उगाच बरे वाटते.

आता त्याच वर्षीचा २२ ऑगस्ट पाहा. अँटवर्प ऑलिंपिकची मॅरेथॉन. कानाकुरी सोळावा आला. एकोणिसावा आला बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले. दोघांत सुमारे दोन मिनिटांचे अंतर. चौगुले आणि त्यांच्याबरोबर त्याच शर्यतीत उतरलेले सदाशिव दातार हे पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती आणि दोराबजी टाटांचा पुढाकार यांतून तिथवर पोचले होते. एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी, तीन क्रमांकांच्या फरकाने धावलेली ही दोन माणसे. त्यांतल्या एकामागे शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आलेली शर्यत आहे. दुसऱ्याचे नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकात आहे, तेही सगळ्यांत नाही. याला चौगुल्यांचा काही दोष नाही. परतंत्र देशातल्या, गाठीशी काही नसलेल्या माणसाने मॅरेथॉन पुरी केली, एवढे त्यांनी केले; पट्टा घ्यायला ठाण्यावर कोणी उभे नव्हते.

कोणी म्हणेल, जपानची गोष्ट जपानला, आपल्याकडे ही परंपराच नाही. मला हे मान्य नाही. घटस्थापनेच्या आधी दोन दिवस लातूर-रेणापूरच्या रस्त्यावर रात्री उभे राहावे. तुळजापूरहून ज्योत घेऊन निघालेली मुले एकामागून एक दिसतील. पुढे मोटारसायकल, मागे टेम्पो, टेम्पोत तेलाचा डबा आणि कर्णा, आणि मधोमध अनवाणी पळणारा एक जण. त्याचा दम संपत आला की टेम्पोतून दुसरा उडी मारतो, थोडे अंतर दोघे बरोबर पळतात, मशाल या हातातून त्या हातात जाते, पहिला टेम्पोच्या फळीला लोंबकळतो. शंभरावर किलोमीटर अंतर आणि ज्योत विझू द्यायची नाही. कोणी माहूरहून आणतात, कोणी अंबाजोगाईच्या योगेश्वरीहून. शिवजयंतीला किल्ल्यांवरून आणतात. गावाच्या वेशीवर बायका पायांवर पाणी घालतात. ज्योत अमुक गावची, अमुक मंडळाची असते. ती अमुक मुलाची असल्याचे मी कधी ऐकले नाही.

या प्रथेचे मला कौतुकच आहे असे नाही. महामार्गावर रात्रीच्या वेळी अशी मुले वाहनाखाली सापडतात. कर्ण्याचा आवाज असह्य असतो, आणि टेम्पोवरच्या फलकावर देवीपेक्षा भाऊ, दादा, साहेब यांचे चेहरे मोठे असतात. मुलींना त्यात जागा जवळपास नाही. पण संघाने लांबचे अंतर तोडण्याची रीत, कोणी कुठे बदलायचे याचा हिशेब, चढाला कोण आणि उताराला कोण याचे शहाणपण हे सारे या पोरांपाशी आहे. ते त्यांना कोणी शिकवलेले नाही, आणि कोणी त्याला पळण्याचे शिक्षण म्हणतही नाही.

तीच मुले चार महिन्यांनी भरतीच्या मैदानावर जातात. तिथे सोळाशे मीटर. छातीवर क्रमांक, पायात चिप, सेकंदाला गुण. सोळाशे मीटर हा आता बरा आकडा म्हणायचा. पूर्वी पोलीस भरतीत पाच किलोमीटर पळवत असत, आणि २०१४ च्या जूनमध्ये मुंबईतल्या भरतीत भर उन्हाळ्यात पळताना उमेदवार दगावले, तेव्हा कुठे अंतर कमी करण्याची बुद्धी झाली. मेलेले कोणाशी शर्यत लावत होते? शेजारी पळणाऱ्याशी. तोही त्यांच्यासारखाच रात्री फलाटावर किंवा पदपथावर झोपून सकाळी रांगेत लागलेला. भरतीत दुसरा माणूस हा केवळ कमी झालेली एक जागा असतो. मी राज्ययंत्रणेला दोष देत नाही, निवड कशी तरी करावीच लागते. पण आमच्या तालुक्यात तरुण माणसाच्या पळण्याला एवढा एकच अर्थ उरावा, हे मला भयंकर वाटते.

माझा एक विद्यार्थी दोनदा थोडक्यात राहिला. तिसऱ्या खेपेस वय उलटले. तो आता घरच्यांबरोबर उसाच्या तोडीला जातो, कार्तिकात जातो आणि उन्हाळ्यात परततो. मध्यंतरी भेटला तेव्हा ज्योतीचा विषय निघाला. सहा वर्षांपूर्वीच्या रात्री औशापासून कोणी घेतली, लातूर कोणी ओलांडले, रेणापूरच्या अलीकडे पाऊस आला तेव्हा ज्योतीवर घमेले कोणी धरले, हे तो नावानिशी सांगत होता. त्याच्या वाटणीला दोन खेपांत मिळून जेमतेम चार किलोमीटर आले असतील. मग मी विचारले, भरतीला तुझ्या गटात कोण कोण होते? त्याने थोडा विचार केला. त्याला एकही नाव सांगता आले नाही.

अविनाश साबळे याच जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. बीडविषयी दुष्काळ, ऊसतोड आणि राजकारण यांखेरीज काही बोलायचे असले, की आम्ही त्याचे नाव घेतो, आणि घ्यावेच. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये तो ८ मिनिटे ११.२० सेकंदांत आला. सुवर्णपदक एका सेकंदाच्या विसाव्या भागाने हुकले. त्याआधीच्या सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाच्या धावपटूंनी नेली होती. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण मिळवले. पण त्याच्याविषयीचे मराठी लेख वाचताना मला एक गोष्ट खटकते. सगळे लेख म्हणजे एकाच आराखड्याची एकट्याची गोष्ट : खडतर गाव, अनवाणी मुलगा, शाळेपर्यंतची पायपीट आणि मग थेट पदक. मधली माणसे गळतात. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला, सैन्यातल्या क्रॉसकंट्री शर्यतींत संघाबरोबर पळाला, अमरीश कुमार यांच्यासारख्या प्रशिक्षकाने त्याला हेरले. २०१८ साली भुवनेश्वरला त्याने जो राष्ट्रीय विक्रम मोडला, तो गोपाळ सैनी यांनी १९८१ साली केला होता आणि ३७ वर्षे तसाच थांबला होता. सैनींपासून साबळेपर्यंतची ही ३७ वर्षे म्हणजे ठाण्यावर कोणी नसण्याचाच प्रकार आहे, आणि त्याविषयी लिहिणे पायांतल्या नसलेल्या बुटांविषयी लिहिण्यापेक्षा अवघड आहे. लेख वाचून आमच्या मुलांना वाटते, साबळे होता आले नाही तर पळण्यात अर्थ नाही.

एकट्या धावणाऱ्याचे हे प्रेम वाङ्मयातूनही आले आहे. ॲलन सिलिटो यांची लांब पल्ल्याच्या धावपटूच्या एकाकीपणावरची १९५९ ची दीर्घकथा आपल्याकडे इंग्रजीच्या अभ्यासक्रमांमुळे पुष्कळांना माहीत आहे. सुधारगृहातला मुलगा, संस्थेच्या प्रमुखाला करंडक हवा आहे म्हणून, जिंकता येत असलेली शर्यत मुद्दाम हरतो. ते थांबणे हेच त्याचे स्वातंत्र्य. मला ही कथा फार आवडते आणि म्हणूनच सांगतो की रिलेत ती लिहिता येणार नाही. तिथे थांबलेला माणूस प्रमुखाला नव्हे, पुढच्या ठाण्यावर उभ्या असलेल्या मित्राला फसवतो. म्हणजे रिले माणसाकडून बंडाची एक सोय काढून घेते, हे कबूल केले पाहिजे. हाकोनेच्या शर्यतीत दुखऱ्या पायाने लंगडत ठाण्यापर्यंत गेलेल्या मुलांची दृश्ये पाहताना हे ओझे विशीतल्या खांद्यावर जास्त होते, असेही मला वाटून गेले आहे. जपानीत मिउरा शिऑन यांची २००६ ची कादंबरी याच शर्यतीवर आहे. एका मोडक्या वसतिगृहातली दहा मुले, त्यांतली बहुतेक कधी न पळालेली. शर्यत सुरू झाली की निवेदन टप्प्याटप्प्याने एका धावपटूच्या मनातून दुसऱ्याच्या मनात जाते. नायक बदलत राहतो, आणि कादंबरी कोलमडत नाही.

आणि खरे तर हे आपल्या वाङ्मयाला परके कुठे आहे? ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. आपण वाचतो त्या रूपामागे शके १५०६ मध्ये पैठणच्या एकनाथांनी बसून शुद्ध केलेली प्रत उभी आहे. मधल्या तीनशे वर्षांत ती कोणाकोणाच्या हातून गेली त्यांची नावे आपल्यापाशी नाहीत. त्यांतल्या एकानेही आपला टप्पा सोडला असता तर एकनाथांच्या हाती काही आले नसते. पाठपरंपरा शिकवताना मी ज्योतीचा दाखला देत असे. वर्गातल्या निम्म्यांना तो कोणत्याही व्याख्येपेक्षा लवकर कळे.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच, की अलीकडे तालुक्यातालुक्याला नेत्यांच्या वाढदिवशी ज्या 'मॅरेथॉन' होतात (अंतर पाच किलोमीटर, टी-शर्ट फुकट), त्यांतली एखादी तरी मोडून तिची रिले करावी. बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. प्रत्येकाचा सहा जणांचा संघ, तीन मुले आणि तीन मुली. पहिली पाच किलोमीटरची, दुसरी दहाची, असे मॅरेथॉनच्या अंतराचे जागतिक स्पर्धेतलेच सहा वाटे. परळीतून निघून बालाघाट चढत अंबाजोगाईकडे आणि योगेश्वरीच्या गावाला वळसा घालून उतारावरून परत. दिवसाउजेडी आणि रस्ता बंद करून. हातात बॅटन नको, कापड हवे. ज्या अंबाजोगाईत दासोपंतांनी भल्या लांबरुंद पासोडीवर ग्रंथ लिहिला, तिथे कापडावर काय लिहावे हे विचारायला बाहेर जावे लागू नये.

हा बेत मी एकदा गावातल्या काही मंडळींपुढे मांडला. सगळ्यांना पसंत पडला. मग एकाने विचारले, पहिले बक्षीस कोणाच्या हाती द्यायचे? सहा जणांच्या, मी म्हणालो. फोटोत सहा जण आणि पाहुणे मावणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे पडले. चहा झाला आणि बैठक उठली. बाहेर पडताना भरतीच्या तयारीतला एक मुलगा, जो दाराशी उभा राहून ऐकत होता, मागे आला. घाटाचा टप्पा कितवा येईल, आणि तो मुलींना ठेवणार की मुलांना, एवढे त्याला विचारायचे होते. मी म्हणालो, ते तुम्हीच ठरवा. तो म्हणाला, "मग चढ आमच्यातल्या एका पोरीला द्या सर. ती चढाला आमच्या पुढं असती."